कोणी केले ते आधी, काय केले ते नंतर : आपापले अनुभव लिहा

शिवडीकर

गेल्या आठवड्यात शाळेतल्या एका मित्राबरोबर आरे ते सिद्धिविनायक असा भुयारी मेट्रोने प्रवास केला आणि आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर याच मेट्रोवरून पेटलेले महाभारत आठवले. 4 ऑक्टोबर 2019 रोजी उच्च न्यायालयाने आरेतल्या मेट्रो कारशेडच्या, म्हणजे गाड्या उभ्या करण्याच्या जागेच्या, विरोधातल्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री आरेमध्ये करवती चालू झाल्या, आणि 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबवली तोवर दोन हजारांहून अधिक झाडे गेली होती. त्या तीन दिवसांत ग्रुपवर पुष्कळ शिवीगाळ झाली, तरी दोन्ही बाजूंना निदान आपापले म्हणणे होते. एकीकडे जंगल होते आणि दुसरीकडे लोकलच्या दारात लोंबकळणारी माणसे होती.

पुढे नोव्हेंबरअखेर नवे सरकार आले, नव्या मुख्यमंत्र्यांनी कामाला स्थगिती दिली, 2020 मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे जाहीर झाले आणि 2022 मध्ये सरकार पुन्हा बदलताच ती आरेत परतली. कांजूरचे नाव निघाल्याबरोबर आमच्या ग्रुपवर एक विलक्षण अदलाबदल झाली. आरेच्या झाडांची टिंगल करणाऱ्यांना मिठागरांची आणि पाणथळ जागेची काळजी वाटू लागली, आणि झाडाला मिठी मारून फोटो काढणाऱ्यांनी "त्या ओसाड जमिनीवर आहे तरी काय?" असा प्रश्न विचारला. दोन्ही पक्षांचे संदेश नावे झाकून एकमेकांच्या तोंडी घातले असते तरी वाचणाऱ्याला फरक कळला नसता. माझ्या मित्राला मी हे मेट्रोत सांगितले तेव्हा तो म्हणाला की असे काही झाल्याचे त्याला आठवतच नाही.

तुम्हीही असे काही पाहिले असेलच. तीच गोष्ट एकाने केली तर पाप आणि दुसऱ्याने केली तर मुत्सद्देगिरी ठरते, हे तुमच्या घरात, कचेरीत, इमारतीत कसे दिसले ते लिहा. कोणता पक्ष चांगला हे कृपया लिहू नका, ते आम्हाला रोज सकाळी सहापासून व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ढकलपत्रांतून कळत असते.

विरार फास्ट

आमच्या लोकलच्या डब्यातल्या ग्रुपच्या चित्रात कित्येक वर्षे धनुष्यबाण होता, आणि त्यावर कोणाचा आक्षेपही नव्हता, कारण आक्षेप घेणारे दुसऱ्या डब्यातून जात असत. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली तेव्हा ग्रुपही फुटेल असे वाटले होते, पण तसे झाले नाही, कारण जागा धरायला माणसे लागतात. मग 17 फेब्रुवारी 2023 रोजी निवडणूक आयोगाने नाव आणि चिन्ह शिंदे गटाला दिले आणि संध्याकाळपर्यंत अर्धा ग्रुप म्हणू लागला की चित्र काढा, आणि उरलेला अर्धा म्हणू लागला की आता तर ते राहिलेच पाहिजे. विशेष म्हणजे आदल्या दिवसापर्यंत या मागण्या नेमक्या उलट होत्या. शेवटी अ‍ॅडमिनने तिथे पश्चिम रेल्वेच्या गाडीचा फोटो लावला आणि तो आजही आहे.

मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. निवडणूक आयोग निःपक्षपाती आहे की नाही, यावर त्या आठवड्यात प्रत्येकाने ठाम मत मांडले, आणि ज्याच्या बाजूने निकाल लागला त्याच्या लेखी आयोग घटनेचा कणा होता, तर ज्याच्या विरोधात लागला त्याच्या लेखी तो विकला गेला होता. पुढच्या वर्षी राष्ट्रवादीच्या घड्याळाचा निकाल लागला तेव्हा तीच वाक्ये, केवळ चिन्ह बदलून, पुन्हा आली. निकालपत्र दोन्ही वेळा कोणी उघडले नव्हते, मीसुद्धा नाही. बोरिवलीला मात्र हेच लोक एकमेकांसाठी रुमाल टाकून जागा धरतात आणि कोणाचा डबा आला नाही तर आपल्यातली पोळी देतात.

मुलुंडची मावशी

विरार फास्ट, तुमच्या ग्रुपवर एकच पक्ष फुटला हे तुमचे भाग्य म्हणा. आमच्याकडे माहेरच्या ग्रुपवर 23 नोव्हेंबर 2019 च्या सकाळी एका काकांनी पहाटेच्या शपथविधीबद्दल पेढ्यांचे चित्र टाकले, मग शनिवार ते मंगळवार इतक्या उड्या पडल्या की काका चौथ्या दिवशी ग्रुपच सोडून गेले. त्यांना परत आणायला आजीला फोन करावा लागला.

खेतवाडी, चौथी गल्ली

मी निवृत्त मुद्रितशोधक आहे, त्यामुळे वर्तमानपत्रांची पोटे आतून पाहिलेली आहेत. येथे जे लिहिले जात आहे त्यावरून पूर्वीची वृत्तपत्रे निःपक्षपाती होती असा कोणाचा समज होऊ नये म्हणून चार शब्द लिहितो.

मराठी वृत्तपत्रसृष्टी जन्मापासूनच पक्ष घेणारी आहे. 1881 मध्ये सुरू झालेल्या 'केसरी'त आगरकर आणि टिळक एकत्र होते, पण सामाजिक सुधारणांच्या प्रश्नावर त्यांचे जमेना आणि 1888 मध्ये आगरकरांनी 'सुधारक' काढला. 1956 मध्ये आचार्य अत्र्यांनी 'मराठा' काढला तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठीच, आणि त्यात दुसरी बाजू छापली जाईल अशी अपेक्षा कोणीच ठेवली नव्हती. 1988 मध्ये आलेला 'सामना' तर शिवसेनेचे मुखपत्र म्हणूनच आला. गिरगावातल्या वाचनालयात उतरत्या लाकडी फळ्यांवर ही सगळी वर्तमानपत्रे ओळीने लावलेली असत. हवे ते वर्तमानपत्र दुसऱ्या कोणाच्या हातात असले की माणूस शेजारचे वाचत असे आणि अशा रीतीने नाइलाजाने का होईना, विरोधी अग्रलेख त्याच्या डोळ्यांखालून जात असे. आपण कोणाचा अग्रलेख वाचतो आहोत हे त्याला ठाऊक असे, कारण पक्षपात मथळ्याखालीच उभा होता.

आज माझ्या नातवाच्या फोनवर जे येते त्यावर कोणाचेच नाव नसते. 'एका निवृत्त न्यायाधीशांनी लिहिलेला डोळे उघडणारा लेख' असे वर लिहिलेले असते आणि खाली ना न्यायाधीशांचे नाव असते, ना न्यायालयाचे. शुद्धलेखनावरून मात्र मला पुष्कळदा कळते की हे मराठीत लिहिलेलेच नाही, दुसरीकडून आणून घाईने मराठीत ओतलेले आहे. तोच मजकूर पक्षांची नावे बदलून विरुद्ध बाजूनेही आल्याचे मी पाहिले आहे, आणि त्यात ऱ्हस्वदीर्घाच्या चुकासुद्धा त्याच होत्या.

नऊवारी

काका, वाचनालयाचे वर्णन आवडले, पण आपण जुन्या काळावर थोडी मेहेरबानी करत आहात असे वाटते. अत्र्यांची लेखणी विरोधकांच्या बाबतीत कोणत्या थराला जात असे हे माझे वडील आम्हाला चवीने सांगत, आणि आज तसे कोणी लिहिले तर आपण त्याला ट्रोल म्हणू.

खेतवाडी, चौथी गल्ली

नऊवारीताई, भाषेविषयीचा आपला आक्षेप मान्य आहे, मी सौजन्याची तरफदारी केलेली नाही. अत्र्यांनी शिवी दिली तर खाली अत्र्यांचे नाव असे आणि ज्याला शिवी दिली तो त्यांना न्यायालयात खेचू शकत असे, एवढाच माझा मुद्दा आहे.

डेस्कवरचा

मी काही वर्षे एका वृत्तवाहिनीच्या इनपुट डेस्कवर होतो, वाहिनीचे नाव लिहिणार नाही. संताप हा विचारसरणीतून येतो असे लोकांना वाटते, पण आमच्याकडे तो बहुतेक वेळा हिशेबातून येत असे, म्हणून आतली पद्धत सांगतो.

वार्ताहराला पालघरला किंवा कर्जतला पाठवायचे तर गाडी, कॅमेरामन, प्रक्षेपणाची व्यवस्था आणि पूर्ण दिवस लागतो, आणि एवढे करून हाती दोन मिनिटांची बातमी येते. चार पाहुण्यांना चार खिडक्यांत बसवले तर त्याच खर्चाच्या एका तुकड्यात तासभर भरून निघतो. दर गुरुवारी टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्कचे आकडे येत आणि मागच्या आठवड्यात कोणत्या मिनिटाला आलेख वर गेला हे भिंतीवर लागत असे. देशभरातल्या काही दहा हजार घरांतल्या यंत्रांवरून हे आकडे निघत आणि त्यातली बातम्या पाहणारी घरे तर आणखी थोडी, त्यामुळे मोजक्या घरांनी रिमोट दाबला तरी आमच्या संपादकांचा रक्तदाब बदलत असे. आलेख वर गेलेले मिनिट बहुधा कोणी तरी उठून उभे राहिल्याचे किंवा कोणाचा तरी आवाज बंद केल्याचे असे.

पाहुण्यांच्या समन्वयकाची यादी पक्षांप्रमाणे नव्हती, ती स्वभावाप्रमाणे होती. एक जण हमखास चिडणारा, एक जण हसून चिडवणारा, एक वकील आणि एक 'विश्लेषक' असे खाते मांडलेले असे. "थोडे हेही खरे आणि थोडे तेही खरे" असे म्हणणाऱ्या माणसाला दुसऱ्यांदा फोन जात नसे. वाहिनीचा कल अर्थातच असतो, मालक असतात, जाहिराती असतात, सरकारी जाहिराती तर विशेष असतात. परंतु रोजच्या संतापापैकी पुष्कळसा भाग, बाकी काही परवडत नाही म्हणून शिजवलेला असतो.

ऑक्टोबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा गुन्हा उघड केल्यावर बार्कने बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे थांबवले आणि ते थेट मार्च 2022 मध्ये परत सुरू झाले. एवढ्या काळात आलेख नव्हता तरी ओरडा कमी झाला नाही, कारण तोवर सगळ्यांना सवय लागली होती आणि आलेखाची जागा यूट्यूबच्या आकड्यांनी घेतली होती.

दादर पश्चिम

डेस्कवरचे दादा जे लिहीत आहेत ते मी दुसऱ्या टोकाने अनुभवले आहे.

आमचे घर कबुतरखान्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि माझ्या सासूबाईंना फुप्फुसाचा जुना विकार आहे. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली की काही जणांच्या फुप्फुसांना सूज येते आणि ती पुढे कायमची कडक होऊ शकतात, हे आमच्या डॉक्टरांनी कबुतरखान्याची बातमी होण्याच्या कितीतरी आधी सांगितले होते. 2025 च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महापालिकेने तिथे ताडपत्री घातली, 6 तारखेला जमावाने ती फाडली, आणि त्या दिवसापासून आमच्या गल्लीतला प्रश्न आमचा राहिला नाही. तो जैन विरुद्ध मराठी झाला, मग शाकाहारी विरुद्ध मांसाहारी झाला, मग या पक्षाचे मतदार विरुद्ध त्या पक्षाचे मतदार असा झाला. आमच्याच मजल्यावरच्या जैन आजींना तोच खोकला आहे आणि खिडकीला जाळी बसवायला त्यांनी आमच्याआधी माणूस बोलावला होता, ही माहिती कोणत्याही बाजूच्या कामाची नव्हती.

एका वाहिनीकडून मला चर्चेसाठी फोन आला. पलीकडच्या मुलाने पहिलाच प्रश्न विचारला की तुमची बाजू कोणती. मी म्हणाले, खोकल्याची. तो सभ्य मुलगा होता, हसला, आणि म्हणाला, "मॅडम, म्हणजे विरोधात धरतो, पण थोडे आक्रमक बोला." प्रत्यक्ष कार्यक्रमात एका छातीरोगतज्ज्ञांनाही बोलावले होते. त्यांनी आजाराचे नाव उच्चारेपर्यंत सूत्रसंचालकाने 'आपल्याकडे वेळ कमी आहे' म्हणून त्यांना थांबवले आणि पुढचा बराच वेळ दोन प्रवक्ते एकमेकांच्या पक्षाने 1992 नंतर काय केले यावर भांडत राहिले. माझी पाळी आली तेव्हा खाली पट्टी चालू होती : 'दादरच्या रहिवाशांचा संताप'. मी इन्हेलरविषयी बोलत होते.

वडापाव एक्सप्रेस

"खोकल्याची बाजू" हा पक्ष काढाच ताई. चिन्ह म्हणून वाफेचे भांडे मिळाले तर आमच्या इमारतीतली सगळी मते तुम्हाला.

डेस्कवरचा

दादर पश्चिम ताई, मनापासून वाईट वाटले. ती पट्टी लिहिणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा कार्यक्रम ऐकू येत नसतो, कारण तो दुसऱ्या खोलीत बसून आधी ठरलेल्या ओळी टाकत असतो.

चेंबूर नाका

सुशांतसिंह राजपूत प्रकरणाविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. जून 2020 मध्ये टाळेबंदी होती, आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर तोपर्यंत केवळ भाजीची यादी आणि कोणत्या इमारतीला सील लागले एवढेच येत असे. दीड-दोन महिन्यांत त्याच ग्रुपवर प्रत्येक जण तपास अधिकारी झाली. कोणी दोरीची जाडी मोजत होते, कोणी गाद्यांचे फोटो लाल वर्तुळे काढून टाकत होते. ऑक्टोबरमध्ये एम्सच्या डॉक्टरांच्या समितीने खुनाची शक्यता फेटाळली, तेव्हा 'एम्ससुद्धा विकले गेले' असा संदेश आला आणि त्याला फुले वाहिली गेली.

त्या वेळी आमच्या वॉर्डात माणसे मरत होती, आणि महापालिका चांगले काम करते आहे की वाईट, हाच प्रश्न खरे तर आमच्या जिवाचा होता. पण तो प्रश्नही या प्रकरणाच्या रंगात बुडाला. मुंबई पोलिसांचे कौतुक केले की तुम्ही आघाडी सरकारचे, शंका घेतली की तुम्ही भाजपचे, आणि तिकडे बिहारची निवडणूक तोंडावर आलेली. 18 जानेवारी 2021 रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला की माध्यमांनी चालवलेले असे खटले न्यायदानात अडथळा आणतात, आणि नियम होईपर्यंत वाहिन्यांनीही प्रेस कौन्सिलच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वागावे. मी त्या निकालाची बातमी ग्रुपवर टाकली. त्यावर एकीने हळदीकुंकवाची वेळ विचारली. मार्च 2025 मध्ये सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला, त्या दिवशी ग्रुपवर उन्हाळी पापडांची ऑर्डर चालू होती. एका तरुण मुलीला तुरुंगात जावे लागले होते, तिच्या नावाने ज्यांनी बोटे मोडली त्यांच्यापैकी कोणालाही त्या दिवशी काही लिहावेसे वाटले नाही.

सफाळे लोकल

चेंबूर नाका यांचे वाचून राहवले नाही. आमच्या पालघरचे नाव देशभर दोनदा गाजले, आणि दोन्ही वेळा ज्यांनी ते गाजवले त्यांना पालघर कुठे आहे हे माहीत नव्हते.

पहिल्यांदा 2012 च्या नोव्हेंबरमध्ये. बाळासाहेबांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली त्याविषयी एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या आवडल्याची खूण केली, आणि दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो, पालघर जिल्हा 2014 मध्ये झाला. पुढे इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अटक करू देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केले, त्यामागे आमच्या या दोन मुलींचे प्रकरण होते. त्या वेळी मुलींच्या बाजूने माझ्या कचेरीत जे सहकारी हिरिरीने बोलत होते, त्यांतल्या काहींनी मे 2022 मध्ये शरद पवारांविषयीचा मजकूर फेसबुकवर टाकल्याबद्दल एका अभिनेत्रीला ठाणे पोलिसांनी अटक केली तेव्हा "बरी अद्दल घडली" असे लिहिले. उलट 2012 मध्ये "पोरींना कळायला नको का?" म्हणणारे गृहस्थ 2022 मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर व्याख्यान देत होते. ती अभिनेत्री महिनाभराहून अधिक काळ कोठडीत होती. दोन्ही मजकुरांत मला चांगले-वाईट वाटले ते वेगळे, पण फेसबुकवरच्या मजकुरासाठी पोलीस दारात यावेत का, हा प्रश्न दोन्ही वेळा एकच होता, आणि कचेरीत त्याची उत्तरे माणसे बदलून आली.

दुसऱ्यांदा 16 एप्रिल 2020, गडचिंचले. कांदिवलीहून सुरतला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने मारले. त्याआधी कित्येक दिवस आमच्या भागात मुले पळवणारी आणि अवयव काढणारी टोळी फिरते अशा अफवा फोनवरून पसरत होत्या, गावोगावी रात्रीचे पहारे बसले होते, आणि काही दिवसांपूर्वी मदतीला आलेल्या एका डॉक्टरांच्या गाडीवरही हल्ला झाला होता. 2018 मध्ये धुळ्याच्या राईनपाड्यात अशाच अफवेने पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला होता, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली होती. म्हणजे रोग ओळखीचा होता. तरीही वाहिन्यांवर दोन-तीन दिवस जे चालले त्यात अफवेचा उल्लेख कमी आणि धर्माचा अधिक होता, इतका की गृहमंत्र्यांना अटक झालेल्या 101 जणांची नावे जाहीर करून त्यांत एकही मुस्लिम नाही असे सांगावे लागले. दुसऱ्या गटाने मग 'धार्मिक नव्हते' एवढे सिद्ध झाल्यावर विषय सोडून दिला, जणू तीन माणसांच्या मृत्यूत त्यांना रस होता तो तेवढ्यापुरताच. आमच्याकडे त्यानंतर कित्येक दिवस पाड्यांवरचे पुरुष घरात झोपत नव्हते. त्याविषयी दोन्हीकडून कोणी विचारले नाही.

शिवडीकर

सफाळे लोकल, 2012 आणि 2022 शेजारी ठेवलेत हे फार चांगले केलेत. असेच काही मिळेल या आशेने लिहिले होते.

बी विंगचा सेक्रेटरी

माझा अनुभव वरच्यांइतका गंभीर नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकी साफ करण्याची सूचना सकाळी टाकली, तिच्यावर दुपारपर्यंत कोणत्या पंतप्रधानांच्या काळात किती किलोमीटर रस्ते झाले याची इतकी पत्रके आली की ती दिसेनाशी झाली, आणि तिसऱ्या मजल्यावरचे एक ज्येष्ठ सदस्य अंगाला साबण लावून बसून राहिले. त्यांनी मला जे सुनावले ते पक्षनिरपेक्ष होते.

अ‍ॅडमिन म्हणून मला भीती वाटायची की कोणी काही भलते टाकले तर पोलीस मला धरतील. एका वकील सदस्यांनी सांगितले की उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये, सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येणार नाही, असा निकाल दिला आहे. तेव्हापासून झोप येते. ग्रुप मात्र 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील' असा करून टाकला, त्यावर मी हुकूमशहा असल्याचे दोन्ही बाजूंचे प्रथमच एकमत झाले.

गंभीर असे एकच सांगतो. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत आमच्या वॉर्डालाच काय, मुंबईच्या 227 पैकी एकाही वॉर्डाला नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासक पाहत होते. या सबंध काळात आमच्या सदस्यांनी राज्यपाल, अमेरिकेचे अध्यक्ष आणि युक्रेन यांच्यावर मते मांडली. गटाराच्या तक्रारीसाठी नगरसेवकाचा फोन नंबर मागणारे एक गृहस्थ होते, त्यांना मी सांगितले की सध्या असे कोणी नाही, तेव्हा त्यांना धक्का बसला. ते रोज रात्री तीन वाहिन्यांवरच्या चर्चा पाहतात.

मीरा रोड पूर्व

जुलै 2025 मध्ये आमच्याकडे मराठी बोलण्यावरून दुकानदाराला मारल्याचा व्हिडिओ फिरला तेव्हा पुण्याहून आणि न्यूजर्सीहून फोन आले की तुम्ही सुखरूप आहात ना. मी तेव्हा जिच्याकडून नेहमी भाजी घेतो त्या बाईंशी कोथिंबिरीच्या भावावरून मराठी-हिंदी मिसळून वाद घालत होतो. मारहाण वाईटच होती, आणि हिंदीच्या सक्तीविषयीचा राग खराही होता, ही दोन वाक्ये मी एकत्र लिहिली तर दोन्ही बाजूंच्या नातेवाइकांनी त्यांना नको ते वाक्य तेवढे उचलले. आता फोनवर हवामानाविषयी बोलतो.

वरळी कोळीवाडा

मी येथे पहिल्यांदाच लिहितो. शिवडीकरांनी पर्यावरणाचा विषय काढला म्हणून कोस्टल रोडचे सांगतो. आमच्या होड्या क्लिव्हलंड बंदरातून निघतात आणि त्या रस्त्याच्या पुलाखालून समुद्रात जातात. मूळ आराखड्यात दोन खांबांमधले अंतर 60 मीटर होते. आम्ही सांगत होतो की वारा आणि ओढ असताना तेवढ्यातून होडी सुखरूप काढता येणार नाही, अंतर वाढवा. वर्षानुवर्षे बैठका झाल्या, काम अडवले गेले, शेवटी ते 120 मीटर झाले, आमची मागणी त्याहून अधिक होती.

आता गंमत अशी की ज्या उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेने रस्त्याचे काम सुरू केले त्यांची महापालिका होती, पुढे राज्यही त्यांचेच झाले, आणि मार्च 2024 मध्ये पहिल्या टप्प्याचे उद्घाटन केले ते त्यांच्या विरोधकांनी. त्यामुळे श्रेय कोणाचे यावर प्रचंड भांडण झाले आणि रस्त्यावर टीका करणे दोघांनाही गैरसोयीचे झाले. काही पत्रकार येऊन नीट लिहून गेले, त्यांचे उपकार आहेत. संध्याकाळच्या चर्चेत मात्र आम्ही कधी आलो नाही, आणि ज्यांनी आरेसाठी फलक धरले होते त्यांच्यापैकी थोडेच आमच्याकडे फिरकले. माझा पुतण्या म्हणतो की आपण कोणाच्या विरोधात बोलतो आहोत हे लोकांना पटकन कळले नाही, म्हणून ते आले नाहीत.

डेस्कवरचा

वरळी कोळीवाडा, पुतण्याचे निदान अचूक आहे. तुमचा विषय आमच्या सकाळच्या बैठकीत एकदा आला होता हे मला आठवते. समोरच्या खिडकीत कोणाला बसवायचे असा प्रश्न निघाला, कोणताही पक्ष प्रवक्ता द्यायला तयार होईना, आणि खांबांमधल्या अंतरावर दोन अभियंते बोलावले तर प्रेक्षक चॅनेल बदलतील असे ठरले.

वरळी कोळीवाडा

अभियंत्यांची आवश्यकताही नव्हती. भरतीच्या वेळी वारा अंगावर घेत दोन होड्या पुलाखाली समोरासमोर आल्या की किती जागा लागते हे होडीत बसलेल्या कोणालाही दिसते. ज्याला पाहायचे असेल त्याने यावे, मी नेतो.

विरार फास्ट

दादा, मी येतो. पोहता येत नाही हे आधीच सांगून ठेवतो. सुट्टी रविवारची असते, भरतीची वेळ कळवा.

वरळी कोळीवाडा

वेळ शनिवारी कळवतो. जॅकेट आहेत. तांबडी चटणी घरची मिळेल, डब्यातली पोळी तुम्ही आणा.